मासे खाणार नाहीत असं झाड

माशांची टाकी आमच्या घरी आली, तेव्हा नवऱ्याला दवाखान्यातून येऊन महिना झाला होता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो प्रेसवर होता, अकरा वर्षं. पत्र्याचा तुकडा मशीनखाली सरकवायचा, दाबून आकार आला की काढून घ्यायचा, पुन्हा दुसरा. एका दुपारी त्याचा हात आत असतानाच मशीन खाली आलं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं, अनामिका अर्धी राहिली. अंगठा आणि करंगळी शाबूत. अंगठा वाचला हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

टाकी त्याच्याच खात्यातल्या एका मित्राची होती. तो मित्र नोकरी बदलून पुण्याकडे चालला होता. दोन फूट लांबीची काचेची टाकी, खाली बारीक खडी, प्लास्टिकची हिरवी-जांभळी झाडं आणि चार गोल्डफिश. "वहिनी, दिवसभर घरात बसून असतो, ह्याला बघायला काहीतरी होईल," असं म्हणून त्यानं ती आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी मांडून दिली. निघताना त्यानं सवयीनं उजवा हात पुढे केला, मग लक्षात येऊन नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. मीच जिन्यापर्यंत सोडायला गेले.

पहिले आठ-दहा दिवस त्यानं टाकीकडे बघितलंही नाही. तिसरीतली आमची मुलगी शाळेतून आली की चिमूटभर दाणे टाकायची आणि कोणता मासा आधी आला ते ओरडून सांगायची. तो हो म्हणायचा. उजवा हात सतत रुमालात गुंडाळलेला. जखम भरली होती, झाकायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी जेवतानाही तो रुमाल सुटायचा नाही. डाव्या हातानं भाकरी मोडायला जमत नव्हतं, म्हणून मी ती आधीच कुस्करून ताटात ठेवायचे, तो नसताना, त्याला दिसू नये अशी.

मग एके दिवशी त्यातल्या एका माशाचा डोळा पांढरा पडला. प्लास्टिकच्या पानाची कड बोचली असणार. मुलगी रडायला लागली. नवरा उठला, डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि ती सगळी प्लास्टिकची झाडं एकेक करून उपटून काढली. कचऱ्याच्या बादलीत टाकली. "खरी लावू," तो म्हणाला.

दवाखान्यातून आल्यापासून उद्याबद्दलचं असं एकही वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच पर्स शोधायला लागले. आत्ता कुठे निघालीस, दुपारचं दुकान बंद असतं, असं तोच म्हणाला.

औरंगपुऱ्याच्या बाजूला एका गल्लीत माशांचं दुकान आहे. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा पिसांसारखी नाजूक, झुबकेदार अशी वनस्पती घेतली, कारण ती सगळ्यात सुंदर दिसत होती. मासे कोणते आहेत हे दुकानदारानं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी घालून त्यानं ती दिली आणि नवरा ती पिशवी मांडीवर धरून सिटी बसमध्ये बसला. घरी येऊन डाव्या हातानं एकेक काडी खडीत खोचली. टाकीचं रूपच बदललं. आम्ही तिघंही समोर बसून जेवलो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून घरी आले तेव्हा निम्मी पिसं गेली होती. तिसऱ्या दिवशी नुसत्या काड्या. मासे त्या काड्याही तोंडात धरून ओढत होते.

मग तो लांब पात्यांचं गवत घेऊन आला. ते त्यांनी फारसं खाल्लं नाही, पण खडी उकरून उकरून मुळासकट वर काढलं, आणि सकाळी सगळं पाण्यावर तरंगत होतं. त्यानं पुन्हा खोचलं, मासे पुन्हा उपटायचे. मग माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या शेतातल्या विहिरीतून मी पाणगवत आणलं, डबा भरून. ते चार दिवस टिकलं. कुणीतरी सांगितलं म्हणून पाण्यावर पसरणारी बारीक पानं आणली. ती दुपारच्या जेवणाआधी संपली.

हे सगळं सांगताना आता हसू येतं, पण तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. नवरा सकाळी उठून टाकीसमोर स्टूल घ्यायचा आणि तिथंच बसायचा. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, अंगठा आणि करंगळीमध्ये धरून दाबायचा व्यायाम होता. तो चेंडू टीव्हीखालच्या कप्प्यात पडून राहिला. कंपनीतून एक पाकीट आलं होतं, त्याच्याच खात्यातला माणूस घरी आणून देऊन गेला. मला माहीत होतं आत काय असणार. स्टोअरमध्ये हलकं काम देतो, या तारखेपर्यंत हजर व्हा. त्यानं ते न उघडताच माशांच्या खाण्याच्या डब्याखाली ठेवून दिलं. रोज डबा उचलायचा, पाकिटावरच परत ठेवायचा.

"उघडून तरी बघा," मी दोनदा म्हणाले.

"बघू," तो म्हणायचा आणि काचेकडे वळायचा. "ह्यांचं बघ. जे लावावं ते खातात. मुद्दाम खातात."

माशांनी त्याच्याशी दावा मांडलाय असं त्याला खरंच वाटायला लागलं होतं. पोटाला लागतं म्हणून खात असतील, एवढं साधं त्याच्या मनात येत नव्हतं.

आणि मग तो पाण्याचा दिवस आला.

आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही. तीन ड्रम, दोन टाक्या, कळश्या, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. त्या पाण्यावर पुढचे सात दिवस. आदल्या दिवशी शेवटचा अर्धा ड्रम उरला होता. सकाळी पाणी येणारच म्हणून नवऱ्यानं तो टाकीचं पाणी बदलायला वापरून टाकला. त्याच्या मनानं घेतलं होतं की पाणी जुनं झालंय म्हणून झाडं कमजोर पडतात आणि म्हणून मासे ती खातात.

सकाळी साडेसहाला मी नळाखाली बादली लावून उभी होते. सात वाजले, आठ वाजले. शेजारच्या ताईंनी जिन्यातून सांगितलं, कुठेतरी लाइन फुटलीये, आज येत नाही, उद्याचंही सांगता येत नाही. घरात प्यायचं एक कळशी पाणी होतं. मोरीत दोन दिवसांचे कपडे. आणि समोर काचेत, स्वच्छ, चकचकीत, भरलेली टाकी. चार मासे त्यात मजेत फिरत होते.

मी काय बोलायला सुरुवात केली ते आठवत नाही. पाण्यावरून सुरुवात झाली असणार. तो म्हणाला, "टँकर बोलव." मी म्हणाले, टँकर काय माझ्या वर्गातला मुलगा आहे, हाक मारली की यायला? मग पाकीट निघालं, चेंडू निघाला, सगळं निघालं. तो स्टुलावरून उठलाच नाही. पाठमोरा बसून म्हणाला, "हळू बोल, मासे घाबरतात."

आणि मी म्हणाले, "हात गेला तो गेला, त्याच्याबरोबर डोकंही गेलं का तुमचं?"

मुलगी मोरीच्या दारात दात घासत उभी होती, ब्रश तोंडातच राहिला होता. नवऱ्यानं मागे वळून बघितलं नाही. फक्त रुमालातला हात मांडीवरून उचलून पोटाशी धरला. मी पदर खोचला, दोन बादल्या घेतल्या आणि खालच्या बोअरवर रांगेत जाऊन उभी राहिले. वर जाऊन काहीतरी बोलायला हवं, आत्ताच, उशीर झाला तर राहील, असं मनात येत होतं. पण रांग सोडली असती तर नंबर गेला असता. मी रांग सोडली नाही.

पुढचे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. चहा ठेवू का, ठेव. दार लाव, लावलं. रागावल्यासारखा नाही, एखाद्या पाहुण्यासारखा बोलायचा. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

त्याच सुमारास माझे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते बिडकीनच्या पलीकडे गावात राहतात, भावाजवळ. जन्मभर मेंढरं राखली. शंभरावर मेंढरं होती एके काळी, पण चराईची रानं एकेक करून कुंपणात गेली, तिथं रस्ते झाले, प्लॉट पडले, आणि आता वीस-बावीस उरली आहेत. डोळे तपासायला म्हणून शहरात आले होते, दोन दिवस माझ्याकडे राहणार होते. लेकीच्या घरी मुक्काम करायला त्यांना अजून अवघडल्यासारखं होतं. पिशवीत शेंगा आणि घोंगडी, दुसरं काही नाही.

चहा झाल्यावर ते टाकीसमोर येऊन खाली बसले. नवरा स्टुलावर, ते फरशीवर. स्टूल रिकामं करायला नवरा उठायला लागला तर त्यांनी हातानं बसा बसा केलं. बराच वेळ दोघंही बघत राहिले. टाकीत त्या दिवशी पुन्हा आणलेल्या पाणगवताच्या दोन काड्या तेवढ्या शिल्लक होत्या. एक मासा आला, तोडली, गेला. दुसरा आला.

"चरत्यात की हे," आबा म्हणाले.

"काहीच ठेवत नाहीत, मामा. चार प्रकार लावून झाले."

"कसले लावले?"

नवऱ्यानं सांगितले. आबांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगळी मऊच लावली तुम्ही. कवळं पान दिसल्यावर कोणतं जनावर सोडल? रानात काय राहतं मागं? जाड पानाचं, चिवट, नायतर कडू. मेंढरू त्याला एकदा तोंड लावतं आन् थू करतं. तसलं बघा. आन् ह्यांस्नी आधी पोटभर घाला. पोट भरलेलं जनावर वाटंवरच्या झुडपाला हुंगून पुढं जातं. तुम्ही काय घालता?"

"दाणे. चिमूटभर."

"पाला नाय?"

"नाही."

"मंग ते झाडं खातील नाय तर काय करतील?" आबा म्हणाले. "त्यांचा काय गुन्हा हाय त्यात?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि मला वाटलं आता तो उठून आत जाईल. तो उठला नाही. आबा त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "पाव्हणं, हात दाखवा."

त्या अपघातानंतर घरी कितीतरी लोक येऊन गेले होते. सगळ्यांनी कसं झालं ते विचारलं, कंपनीनं काय केलं ते विचारलं, सगळ्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून रुमालाकडे बघितलं. हात दाखव असं कुणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. ड्रेसिंगला नर्स असायची, आणि नंतर तो दार लावून आंघोळ करायचा. त्याचा हात मी तोवर नीट पाहिलेलाच नव्हता.

नवऱ्यानं रुमाल सोडला. आबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे वळवला, बोटांच्या जागी असलेल्या गाठींवरून अंगठा फिरवला. मेंढराचा पाय लचकला की ते असंच करतात, लहानपणापासून बघितलंय मी. कुठे दुखतं, इथं का, इथं. थंडीत ठणकतं का. बोट नसताना बोट दुखल्यासारखं होतं का.

"होतं," नवरा म्हणाला. "रात्री मधलं बोट दुखतं. नाहीये ते, तरी."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं.

"व्हईल कमी," आबा म्हणाले. "जखम चांगली भरलीया. वारं लागू द्या त्याला, झाकू नका." आणि हात परत त्याच्या मांडीवर ठेवून दिला.

संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले तर आबा मागून आले. गुडघ्यामुळे जिना चढायला त्यांना वेळ लागला. विमान उतरत होतं, त्याचा आवाज जाईपर्यंत ते थांबले.

"पोरगी सांगत व्हती," ते म्हणाले. "तू त्यांना काय बोलली ते. खरं हाय का?"

मी कपडे काढत राहिले. "हो."

"हं."

"आबा, मी पण दमलेय. शाळा, घर, पाणी, ते दिवसभर असे बसलेले. मी कुणाला सांगू?"

"दमली असशील. मी नाय कुठं म्हणलो." ते कठड्याला टेकले. "तुझ्या मायला मी लई बोललो, पोरी. एका वर्साला रोग येऊन निम्मी मेंढरं गेली, तवा तर रोजच. तिनं काय केलं व्हतं? काय बी नाय. ती समोर व्हती, एवढंच. मंग म्हणायचो, सांगू कधी तरी, की माझं चुकलं. ती गेली तवा मी रानात व्हतो."

मी कपड्यांची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि आबांच्या तोंडून तिच्याबद्दल मी इतकं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी शिबिरात आबांचे डोळे तपासून झाले आणि तिथूनच आम्ही सगळे माशांच्या दुकानात गेलो. नवऱ्याच्या हातावर रुमाल नव्हता. हात मात्र पँटच्या खिशात होता.

या वेळी आबांनीच दुकानदाराला विचारलं. मराठीतच विचारलं, तो त्याच्या दखनीत बोलत राहिला, दोघांचं छान जमलं. गोल्डफिश म्हटल्यावर दुकानदारानं कपाळावर हात मारला. "अरे चच्चा, वो तो पानी की बकरी है! उसको नरम पत्ता कायको देते?"

आबा एकदम खूश झाले. "बघा," ते नवऱ्याला म्हणाले, "मी काय येगळं सांगत व्हतो?"

दुकानदारानं मागच्या टाकीतून दोन रोपं काढली. एकाची पानं गडद हिरवी, जाड, बोटानं वाकवली तर कातड्यासारखी. त्याचं नाव अनुबियास. दुसरं जावा फर्न, लांब, खरबरीत पात्यांचं. "इसको मुँह लगाते और थूक देते," तो म्हणाला. "पर सुनो. मिट्टी में नक्को गाड़ो. ये जो मोटी जड़ है ना, गाड़े तो सड़ जाती. पत्थर लेव, उसपे रखो, और सूती धागे से बांधो. कसके बांधना, नहीं तो मछली खींच लेती. महिने-दो महिने में जड़ पत्थर को पकड़ लेती, फिर धागा गल भी गया तो कुछ नहीं."

बांधो, असं तो म्हणाला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. त्यानं पिशवी डाव्या हातात घेतली. मध्यवर्ती बसस्थानकावर आबांना बिडकीनच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ते मुलीला म्हणाले, "पालक उकडून घालायचा माशांना, इसरू नको." आमच्या दोघांना ते काही म्हणाले नाहीत.

सोमवारी दीडच्या सुमारास मी शाळेतून आले. मुलगी मैत्रिणीकडे उतरली होती. दार लोटलेलं होतं. नवरा हॉलच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला होता, समोर पसरलेला टॉवेल, त्यावर ताटात पाणी, पाण्यात ती दोन रोपं. मुठीएवढा एक काळा दगड त्यानं दोन्ही तळपायांच्या मध्ये धरला होता. माझ्या शिवणाच्या डब्यातला पांढऱ्या दोऱ्याचा रीळ शेजारी. दोऱ्याचं एक टोक दातात. डाव्या हातानं तो दोरा दगडाभोवती फिरवत होता आणि उजव्या हाताच्या करंगळीनं रोपाची मुळी दगडावर दाबून धरायचा प्रयत्न करत होता. करंगळी घसरायची. मुळी सरकायची. दोरा सैल पडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. टॉवेलवर तुटलेल्या दोऱ्यांचा पुंजका होता, म्हणजे हे सकाळपासून चाललं होतं.

मी चप्पल काढली. "मी धरू का?"

"नको."

"नुसता दगड धरते."

"नको म्हटलं ना."

आवाज चढलेला नव्हता, पण पुन्हा विचारू नये असा होता. मी आत गेले. कुकर लावला, भाजी चिरायला घेतली. स्वयंपाकघरातून हॉल दिसत नाही, फक्त ऐकू येतं. दगड फरशीवर घसरल्याचा आवाज यायचा, मग शांतता, मग दातांनी दोरा तोडल्याचा बारीकसा तट्ट. एकदा त्यानं शिवी दिली, आईवरून, दगडाला की हाताला कुणास ठाऊक. एकदा काहीतरी जोरात आपटलं आणि मी विळी सोडून उठले. दारापर्यंत गेले. तिथंच थांबले. गच्चीवर आबा जे बोलले होते ते सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि मला वाटत होतं की आत्ता जाऊन त्याच्यासमोर बसावं आणि म्हणावं, माझं चुकलं. पण त्याच्या तोंडात दोरा होता. तो त्या कामात होता. त्या वेळी माफी मागणं म्हणजे माझं ओझं त्याच्या हातात देण्यासारखं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, ती सबबच होती.

पावणेचारला तो उठला. मी बाहेर आले. दगडावर अनुबियास बांधलेलं होतं. दोऱ्याचे वेढे वाकडेतिकडे, दहा-बारा तरी, आणि तीन-चार गाठी एकावर एक, लहान मुलानं बुटाची लेस बांधावी तशा. त्याच्या ओठाला दोऱ्यानं कापलं होतं. तो दगड त्यानं डाव्या हातानं पाण्यात नेला आणि तळाशी मागच्या कोपऱ्यात ठेवला. रोप थोडं हललं आणि मग स्थिर झालं.

पांढऱ्या डोळ्याचा मासा पहिला आला. पान तोंडात धरलं, ओढलं, सोडलं. पुन्हा धरलं. थुंकला. मग दुसरा आला, त्यानंही तेच केलं. आम्ही दोघं जेवढा वेळ उभे होतो तेवढा वेळ ते येत-जात राहिले, आणि पान होतं तिथंच होतं.

"चहा करतेस?" तो म्हणाला.

फर्नचं एवढं सोपं झालं नाही. ते दोन दिवसांनी सुटून वर आलं. त्यानं पुन्हा बांधलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा टिकलं. पालक उकडून घालायचं मुलीनं मनावर घेतलं होतं, आणि पोटात पाला पडायला लागल्यापासून मासे खरंच कमी ओरबाडायला लागले. पूर्ण सोडलं नाही. जाड पानांनाही कडेनं भोकं पडली.

एका संध्याकाळी तो काचेवरचं शेवाळ पुसत होता. मुलगी खाली खेळायला गेली होती. मी सोफ्यावर वह्या तपासत होते. म्हटलं आता.

"मी त्या दिवशी बोलले ना," मी म्हणाले, "ते मी बोलायला नको होतं."

त्याचा हात काचेवर थांबला नाही. "कुठल्या दिवशी?"

त्याला कुठला दिवस ते माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. तेवढंच पुढे सांगायचं होतं मला, पाणी नव्हतं तो दिवस, हाताबद्दल बोलले तो दिवस. पण ते शब्द पुन्हा तोंडातून काढायचे म्हणजे पुन्हा एकदा बोलल्यासारखंच झालं असतं.

"असंच," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला, आणि फडकं पिळायला मोरीत गेला.

पाकीट त्यानं कधी उघडलं ते मला कळलं नाही. एका सोमवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आला आणि जेवणाचा डबा मागितला. स्टोअरमध्ये आता तो माल देतो, रजिस्टरला डाव्या हातानं नोंद करतो. अक्षर वाचता येत नाही म्हणून सुरुवातीला लोक हसले, ते त्यानं जेवताना सांगितलं, तेही मुलीला. प्रेसचा आवाज स्टोअरपर्यंत येतो. पहिल्या आठवड्यात रोज उलटी व्हायची, हे मला त्याच्या त्या पुण्याकडे गेलेल्या मित्राच्या फोनवरून समजलं. नवरा कामावर गेला म्हणून नातेवाइकांनी मला सुटलीस म्हणून सांगितलं. मी हो म्हणाले.

मधे एक मासा मेला. पांढऱ्या डोळ्याचा नव्हे, सगळ्यात मोठा, ठणठणीत दिसणारा. कारण कळलं नाही. बाकीचे तीन आहेत. अनुबियासनं दगड धरलाय, दोरा कधी विरघळून गेला ते लक्षातही आलं नाही. महिन्याला एखादं नवं पान येतं. ते कोवळं असेपर्यंत मासे त्याला त्रास देतात.

गेल्या रविवारी तो मुलीला घेऊन दुकानात गेला आणि आणखी एक फर्न घेऊन आला. मला विचारलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते. हॉलमधून आवाज येत होता. "दगड घट्ट धर. हलू देऊ नको. अंगठा इथं ठेव, हां, मुळीवर." मुलगी म्हणत होती, "पप्पा, दोरा ओला झालाय." तो म्हणाला, "होऊ दे, ओला दोरा जास्त घट्ट बसतो." दोघं कशावर तरी हसले.

मी गॅस बारीक केला आणि दारात जाऊन उभी राहिले. तो मुलीसमोर मांडी घालून बसला होता. उजवा हात उघडा, दोऱ्याचं टोक अंगठा आणि करंगळीत पकडलेलं. मी आल्याचं त्याला कळलं. मान वर न करता तो म्हणाला, "कात्री दे."

मी शिवणाच्या डब्यातली कात्री आणून पुढे केली.

"ही नाही," तो म्हणाला. "ती छोटी कुठंय?"

छोटी कात्री मुलीच्या दप्तरात होती. शोधायला मला जरा वेळ लागला.